मॅडमचे स्वच्छ हात

प्रयोगशाळेत तिला सगळे ‘नवी’ म्हणत. सुट्टीत विद्यार्थ्यांना संशोधनाची संधी मिळते, म्हणून ती संसर्गजन्य रोगांच्या या विभागात आली होती. संधी म्हणजे काचेची भांडी विसळायची आणि बेसिनवरची साबणाची बाटली भरत राहायची, हे तिला पहिल्याच दिवशी कळलं. बाटलीतला साबण जरा खाली गेला की नव्याने आलेल्याने वरून ओतायचा. बाटली रिकामी म्हणून पडू द्यायची नाही, हा इथला शिरस्ता. तो मोडायची कोणाची टाप नव्हती, कारण बाटली मॅडमची होती. मॅडम स्वतः विद्यार्थिनी म्हणून आल्या तेव्हा त्यांनीच ती आणली होती.

आता मॅडम विभागप्रमुख होत्या आणि स्वच्छतेचं त्यांना भयंकर वेड होतं. दाराच्या मुठीला हात लागला, धुतले. फोन वाजला, धुतले. समोरचा शिंकणार असं नुसतं वाटलं, तरी धुतले. त्या कोणाशी हात म्हणून मिळवत नसत. सुट्टी संपताना मात्र सगळे विद्यार्थी आपापलं काम मांडत, आणि त्यातल्या एखाद्याला वर्षभर ठेवून घ्यायचं असेल तर मॅडम उठून त्याच्याशी हस्तांदोलन करत. बाकीच्यांना नमस्कार आणि चहा.

त्या हस्तांदोलनासाठी नवीचा जीव टांगणीला लागला होता. ते नाही मिळालं तर मावशीच्या दुकानात पडदे शिवायला बसायचं, असं घरी ठरलं होतं. मावशीने तर शिलाई मशीनला तेलही घालून ठेवलं होतं.

म्हणून नवीने मॅडमना आवडेल असाच विषय घेतला: हात धुण्याचे फायदे. विभागातल्या प्रत्येकाने हात धुण्याआधी जंतू वाढवायच्या एका प्लेटवर बोटं टेकवायची आणि धुतल्यावर दुसरीवर. मग प्लेटा उबेत ठेवायच्या, म्हणजे बोटांवरचे जंतू वाढून ठिपक्यांसारखे दिसतात. धुण्याआधी ठिपकेच ठिपके, धुतल्यावर लख्ख. यात चुकण्यासारखं काय आहे?

दुसऱ्या दिवशी तिने प्लेटा काढल्या आणि ओळीने मांडल्या. धुण्याआधीच्या प्लेटा बऱ्या होत्या. धुतल्यानंतरच्या गुलाबी ठिपक्यांनी भरल्या होत्या. सगळ्यात गुलाबी प्लेट मॅडमची. सगळ्यात स्वच्छ होती ऐदीदादाची. हा पीएचडी करणारा ज्येष्ठ विद्यार्थी. पाण्याशी त्याचं जन्माचं वाकडं, त्यामुळे त्याने ‘धुतल्यानंतर’च्या प्लेटवरही न धुताच बोटं टेकवली होती.

तिने सगळं पुन्हा केलं. पुन्हा तेच. शेवटी तिने बाटलीतल्या साबणाचा एक थेंबच प्लेटवर सोडला. सकाळी त्या प्लेटवर गुलाबी साय धरली होती.

तिने आईला फोन लावला.

“आई, मॅडमचे हात विभागात सगळ्यात घाण आहेत.”

“मग? त्यांना सांगणार आहेस की काय?”

“सांगावंच लागेल ना! तेच माझं संशोधन आहे.”

“सांग बाई,” आई म्हणाली. “पण गोडीत सांग. आणि मावशी विचारत होती, सोमवारी येतेस का म्हणून.”

सादरीकरणाचा दिवस उजाडला. आकडे गोडीत सांगायची काही सोय नसते. तिने सगळं पडद्यावर दाखवलं, फक्त नावं झाकली.

“सगळ्यात स्वच्छ प्लेट कोणाची?” मॅडमनी विचारलं.

“ऐदीदादाची.”

हशा पिकला. ऐदीदादाने उठून कमरेत वाकून सगळ्यांचे आभार मानले.

“आणि सगळ्यात घाण?”

नवीला डोळ्यांसमोर शिलाई मशीन दिसलं. तरीही ती म्हणाली, “तुमची, मॅडम. तुम्ही सगळ्यात जास्त वेळा हात धुता म्हणून. जंतू साबणात आहेत. आपण जुन्यावरच नवा ओतत राहतो.”

मॅडम आपल्या तळहातांकडे बघत राहिल्या. चेहरा असा पडला होता की नवीला त्यांची दयाच आली.

“रिकामी झाली की धुवायची, असं मी तेव्हा ठरवलं होतं,” त्या हळूच म्हणाल्या.

“मग?”

“मग ती रिकामीच झाली नाही.”

मॅडम उठल्या, सरळ नवीपुढे आल्या आणि त्यांनी हस्तांदोलनासाठी हात पुढे केला. केला, आणि तो मध्येच थांबला, कारण तो कुठला हात आहे हे आता सगळ्यांनाच ठाऊक होतं. मॅडम तो मागे घेणार इतक्यात नवीने झडप घालून दोन्ही हातांनी पकडला आणि गदागदा हलवला. असा हात काय रोज पुढे येतो?

त्यानंतर दोघी हात अंगापासून लांब धरून बेसिनकडे धावल्या, आणि दोघींचेही हात आपसूक त्या बाटलीकडे गेले.

“नको!” सगळे एकदम ओरडले.

मॅडमनी बाटलीचं झाकण उघडलं आणि ती नवीच्या हातात दिली. नवीने ती बेसिनमध्ये पालथी केली. इतक्या वर्षांचा साबण निघायला फार वेळ लागला, आणि तोवर मॅडम शेजारी उभ्या राहून डोळे पुसत होत्या.

“मॅडम,” नवी घाबरून म्हणाली, “डोळ्यांना हात नका लावू!”