कागदवालीची कात्री

कात्री मी जिंकली होती, तीही रीतसर. ऑनलाइन लिलावात शेवटच्या चार सेकंदांपर्यंत कुणा उपटसुंभाशी झुंजून. अभिनंदनाची हिरवी पट्टी झळकली तेव्हा मी ऑफिसात खुर्चीवरून अशी उडाले, की शेजारणीच्या टेबलावरचा चहा सांडला. जिंकल्या जिंकल्या विक्रेत्याला गोड शब्दांत निरोपही पाठवला.

कात्री माझ्या आत्यासाठी होती. आत्या कपडे शिवते आणि डावखुरी आहे. डावखुऱ्यांच्या कात्रीची पाती उलटी बसवलेली असतात आणि तशी मोठी कात्री सहजी मिळत नाही. तिची जुनी मधल्या खिळ्यापाशी मोडली. तेव्हापासून ती साध्या कात्रीनं रेटत होती आणि अंगठा सुजवून घेत होती. "आता कापणं बंद," ती परवा म्हणाली. "झिपा बदलत बसेन." हे ऐकून मला खरंच रडू आलं होतं.

दुसऱ्या दिवशी विक्रेत्याचं उत्तर आलं, 'कात्री देता येणार नाही.' का, म्हणून विचारलं, तर 'हरवली.' संध्याकाळी तीच 'तुटली.' सकाळी 'पुन्हा विचारू नका.' माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. साइटकडे तक्रार केली, तर त्यांनी आपसात मिटवा म्हणून हात झटकले. मग मी एक जळजळीत निरोप लिहिला आणि पाठवण्याआधी आत्याला दाखवायला तिच्या दुकानात गेले.

आत्यानं फोन हिसकावून घेतला आणि सगळे निरोप पहिल्यापासून वाचले.

"हे काय लिहिलंस? 'जाड कागदसुद्धा नीट कापते ना?'"

"तू आधी कागदावर आखून घेतेस ना, म्हणून विचारलं."

आत्यानं कपाळावर हात मारला. "अगं बये, कापडाची कात्री कागदाला कधी लावतात का? धार जाते! मी असते तर मीही दिली नसती तुला."

तिच्या कात्रीला हात लावायची घरात कुणाची टाप नव्हती, मग मला कसं कळणार? मी तसं बोलूनही दाखवलं. तिनं दुकानाला कुलूप घातलं आणि म्हणाली, "चल."

बोली जिंकल्यावर पत्ता मिळालाच होता. तिसऱ्या मजल्यावर एका बाईनं दार उघडलं. आम्ही कोण ते कळताच ती ओशाळली.

"सासऱ्यांची कात्री आहे. त्यांना विचारूनच मी लिलावात टाकली. पण तुमचा कागदाचा प्रश्न वाचून दाखवला आणि बिनसलं. हरवली, तुटली, सगळं त्यांनीच लिहायला लावलं."

आतून आवाज आला, "कागदवाली आली का?"

"आलीये," आत्या म्हणाली, "आणि तिची आत्याही आलीये. मी शिवते."

म्हातारे शिंपी खिडकीशी बसले होते. त्यांचे हात मांडीवर थरथरत होते. त्यांनी खूण केली तशी सुनेनं टेबलावर कात्री आणि कापडाचा तुकडा आणून ठेवला.

"कापा," ते म्हणाले.

आत्यानं कात्री डाव्या हातात घेतली, एकदा हवेत चालवून आवाज ऐकला आणि कापडात घातली. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेली. आत्याचा चेहरा असा फुलला, की माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला.

"डावखुऱ्या आहात!" म्हातारे खुर्चीतून पुढे झाले. "मग हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"ते आमच्या या दिवटीला विचारा."



"घेऊन जा," ते म्हणाले. "पण पहिलं काम माझं." त्यांनी कपाटातून गडद निळं लोकरी कापड काढायला लावलं. "माझ्या कोटासाठी घेतलं होतं. आधी गिऱ्हाइकांपायी सवड झाली नाही, मग हात गेले. दुसऱ्या कुणाला कापू द्यायला मन होईना."

दुकानातून निघताना आत्याच्या गळ्यात टेप तशीच राहिली होती. ती तिनं काढली. "उभे राहा बघू."

ते उभे राहिले. जन्मभर लोकांची मापं घेतलेल्या त्या माणसाला स्वतःच्या हातांचं काय करावं ते कळेना. त्यांचं माप आजवर कुणी घेतलंच नव्हतं.

"पोट आत ओढू नका," आत्यानं दरडावलं. "मला खरं माप हवंय."

"मीही हेच सांगायचो सगळ्यांना!" म्हणत ते इतक्या जोरात हसले, की टेप निसटली आणि माप पुन्हा पहिल्यापासून घ्यावं लागलं.