डेल आणि लॉरेन यांच्यासाठी

"देवाकडे मागायचं तर नाव घेऊन मागावं, आर्डिस. मोघम मागितलं की मोघमच मिळतं."

थोरा, म्हणजे आर्डिसची सासू, हे सांगायची तेव्हा तिच्या हातात बटाटे सोलायची सुरी तरी असायची नाहीतर विणकामाची सुई. नॉर्डालच्या चर्चमध्ये रविवारी सगळ्या गावाच्या वतीने प्रार्थना म्हणायचं काम तिच्याकडे होतं. आधी आजाऱ्यांसाठी, मग पिकांसाठी, आणि शेवटी राज्य चालवणाऱ्यांसाठी. "राजांसाठी आणि अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करा, असं शास्त्रात आहे," ती म्हणायची. "आवडत असतील तरच करा, असं मला तरी कुठे सापडलं नाही." शेवटच्या आजारपणात तिने हे काम सुनेवर सोपवलं आणि राज्यकर्त्यांची नावं कधी गाळणार नाही असं वचन घेतलं. आर्डिसने ते दिलं. तेव्हा त्यात काही अवघड नव्हतं.

आर्डिस नेमाची बाई. सकाळी मेणबत्ती लावून प्रार्थना झाल्याशिवाय कॉफीचा घोट घ्यायची नाही. आवाज इतका मऊ की चर्चमधला माइक तिच्यासाठी खाली ओढावा लागायचा, आणि तरीही मागच्या बाकांवरच्या लोकांना ती बोलते आहे की श्वास घेते आहे हे ओठांवरून ठरवावं लागे.

पूर्वी कुणालाच काही वाटत नसे. गव्हर्नरचं नाव आलं की माणसं मान खाली घालायची आणि घरी ओव्हनमध्ये ठेवलेल्या मांसाची काळजी करायची. गव्हर्नर बदलायचे, मांस तेच असायचं.

मग हवा फिरली. एकाच शाळेत शिकलेली, एकमेकांच्या लग्नात नाचलेली माणसं दोन गटांत वाटली गेली आणि दोन्ही गटांना आपापला माणूस आवडण्यापेक्षा समोरच्याचा माणूस नावडण्यातच जास्त रस वाटू लागला. ड्वेन बाकरुड हा मक्याचा शेतकरी, बायको जाऊन थोडा काळ झालेला. त्याने शेतात बुजगावणं उभं केलं, त्याला स्वतःच्या लग्नातला कोट चढवला आणि गळ्यात पाटी अडकवली, 'गव्हर्नर हॉस्टेटर'. कावळे येऊन त्या बुजगावण्याच्या खांद्यावर बसायचे. "बघा," ड्वेन रस्त्याने जाणाऱ्याला थांबवून सांगायचा, "कावळ्यांनासुद्धा कळतं, या माणसाच्या हातून काही व्हायचं नाही."

पलीकडच्या गटाची मार्लिस क्विस्ट. जन्मभर शाळेतल्या मुलांना जेवण रांधून निवृत्त झालेली. तिचा राग खासदारबाई पाइक यांच्यावर. तिने पाइकबाईंचं चित्र असलेलं पायपुसणं मागवून दारात टाकलं होतं. येणाऱ्याला ती म्हणायची, "पाय पूस. जातानाही पूस. चिखल नसला तरी चालेल, आधी बागेत जाऊन ये."

आता नॉर्डालचे लोक ओरडणारे नव्हेत. आवाज चढवणं म्हणजे त्यांच्या लेखी भर बाजारात कपडे उतरवणं. ते खोकतात. आर्डिसने 'गव्हर्नर हॉस्टेटर' म्हटलं की डावीकडचे बाक खोकायचे, 'खासदार पाइक' म्हटलं की उजवीकडचे. पुढे पुढे तर डावीकडच्यांना जोर चढला की उजवीकडचे त्याला उत्तर म्हणून शिंकू लागले. एका रविवारी कुणाकडे तरी पाहुणी आलेली नर्स प्रार्थना संपल्यावर उठली आणि सगळ्यांनी छातीचा फोटो काढून घ्यावा असं कळकळीने सांगून गेली.

उपासनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफी असे. तिथेही टेबलं दोन झाली, कॉफीची भांडी दोन झाली. पूड मात्र एकाच डब्यातली, कारण डबा बदलायचा तर समितीची बैठक घ्यावी लागली असती आणि बैठकीला सगळ्यांना एका टेबलाशी बसावं लागलं असतं.

शेवटी पास्टर कर्स्टन आर्डिसच्या घरी आली. वयाने लहान, स्वभावाने बरी, पण त्या दिवसांत तिला रविवार जवळ आला की पोटात दुखायचं.

"आर्डिसबाई, नावं नका घेऊ. 'जे सत्तेवर आहेत त्यांच्यासाठी' एवढंच म्हणा."

"मी सासूबाईंना शब्द दिलाय."

"त्या गेल्या हो."

"शब्द कुठे गेलाय?"

पास्टरने कपाळ चोळलं. "मग ऐका. पुढच्या रविवारी परत खोकला झाला, तर समिती ती प्रार्थनाच काढून टाकणार आहे. मला थांबवता येणार नाही. मी थांबवणारही नाही, खरं सांगते."

 प्रार्थना गेली म्हणजे वचन गेलं. आणि खोकला थांबवणं आर्डिसच्या हातात थोडंच होतं?

तो सगळा आठवडा ती मेणबत्तीसमोर नेहमीपेक्षा जास्त वेळ बसली. कॉफी उशिरा होऊ लागली आणि डोकं दुखू लागलं. अशाच एका दुखऱ्या सकाळी तिला सुचलं. सासूबाईंनी नाव घ्यायला सांगितलं होतं, हुद्दा आणि आडनाव कुठे सांगितलं होतं? आई ज्या नावाने मुलाला जेवायला हाक मारते ते खरं नाव. आडनाव देवाला ठाऊक असेलच.

रविवारी ती माइकपाशी गेली. आजाऱ्यांचं झालं, पिकांचं झालं. मग ती म्हणाली, "आणि देवा, डेल आणि लॉरेन यांना सांभाळ. त्यांच्यावर मोठा भार आहे. लोक त्यांना वाईटसाईट बोलतात. त्यांना झोप लागत नसेल. त्यांना शहाणपण दे."

कुणी खोकलं नाही. उलट मागून कुणीतरी हळूच "अरेरे" म्हणालं.

आर्डिसला त्या 'अरेरे'चा अर्थ मंगळवारी कळला. मार्लिस झाकलेलं भांडं घेऊन दारात उभी होती. भांड्यात हॉटडिश, म्हणजे खाली खिमा, मध्ये मशरूमच्या सुपाचा गिलावा आणि वर बटाट्याच्या गोळ्यांची फरसबंदी. कुणाच्या घरी मरण, आजार, बाळंतपण काहीही झालं की नॉर्डालमधून हेच भांडं निघतं.

"लॉरेनसाठी," मार्लिस म्हणाली. "मीठ कमी घातलंय. काय झालंय ते मी विचारत नाही."

चूक आर्डिसच्या लक्षात आली. या चर्चमध्ये प्रार्थनेत नुसतं पहिलं नाव आलं की तो माणूस आजारी, हे लहान पोरालाही ठाऊक. आणि काय झालंय हे थेट विचारणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं. विचारायचं नसतं. अंदाज करायचा आणि रांधायचं. बरं, हॉस्टेटरला आणि पाइकबाईंना पहिली नावं असतील हे गावात कुणाच्या डोक्यातच नव्हतं. ड्वेन त्याला 'ते ध्यान' म्हणायचा, आणि मार्लिस तिला 'पाइकीण'.

"मार्लिस, अगं, लॉरेन तशी आजारी नाहीये," आर्डिस म्हणाली.

मार्लिसने तिचा दंड दाबला. "कळलं. मनाचं आहे. माझ्या बहिणीलाही आम्ही 'तशी आजारी नाही' असंच म्हणायचो."

आर्डिस जितकं नाकारायची तितकी डेल आणि लॉरेनची प्रकृती ढासळत गेली. गुरुवारपर्यंत लॉरेनचा नवरा तिला सोडून गेला होता. डेलचं पित्ताशय काढलं होतं, आणि नको तेच काढलं अशी बातमी होती. चर्चचा फ्रीज भरला. लॉरेनसाठी गोधडी शिवायची ठरली, आणि गोधडी पसरायला तळघरातलं एक टेबल पुरेना. तेव्हा कुणीतरी काही न बोलता दोन्ही टेबलं जोडली. शनिवारी पास्टर खाली आली तर ड्वेन बाकरुड दोन्ही हात पुढे करून बसलेला आणि त्याच्या मनगटांवरून मार्लिस दोऱ्याची लड उलगडते आहे.

"हात हलवू नकोस. खांब आहेस तू आत्ता."

"खांबाला नाक खाजत नाही."

"खाजू दे. तिकडे ती बिचारी काय काय सोसत असेल."

पास्टरला वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच गावच्या चर्चमध्ये आलो. ती आल्या पावली वर गेली आणि आठवड्यात पहिल्यांदाच पोटभर जेवली.

ड्वेननेही हॉटडिश केली होती. आयओनी, त्याची बायको, असताना त्याने चुलीला हात लावला नव्हता. बटाट्याचे गोळे एका बाजूला कोळसा आणि दुसऱ्या बाजूला बर्फ असे झाले होते. तरी त्याने ते भांडं पुसून टेबलावर ठेवलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "झोप न येणं म्हणजे काय ते मला माहितेय. आयओनी गेल्यावर मी पहाटेपर्यंत छत बघायचो. भांडी सगळ्यांनी आणून दिली, बसलं कुणी नाही. हा डेल कुठे का असेना, हे मी स्वतः नेऊन देईन. आणि तासभर बसेन त्याच्यापाशी. शब्द देतो."

मार्लिसने डोळे पुसले. आर्डिसने डोळे मिटले.

तिला आता धड मेणबत्तीकडे बघवेना. वचन पाळलं होतं, नावं घेतली होती, खोकला नव्हता, टेबलं जोडली गेली होती. आणि सगळं उभं होतं एका खोट्यावर, जे ती बोलली नव्हती पण पुसतही नव्हती. थोरा वर बसून बटाटे सोलत असणार आणि सुरी थांबवून खाली बघत असणार. आर्डिसला हेही दिसत होतं की तोंड उघडलं की प्रार्थना जाणार. न उघडावं तर देवासमोर बसायचं कोणत्या तोंडाने?

रविवारी कॉफीच्या वेळी ती उठून उभी राहिली. तळघरात माइक नव्हता. लोकांना वाटलं, ती साखर शोधते आहे.

"डेलचं आडनाव हॉस्टेटर," ती म्हणाली. "लॉरेनचं पाइक."

भांड्याच्या तोटीतून कॉफी गळत होती ती कुणी बंद केली नाही.

"त्या माणसाला पहिलं नाव आहे?" ड्वेन शेवटी म्हणाला.

"डेल. आईने ठेवलेलं."

"त्याच्यासाठी मी कांदा चिरला. रडलो मी, आर्डिस."

"ते कांद्याने रे," मार्लिस म्हणाली, आणि मग तिच्या हातातल्या गोधडीचा अर्थ तिच्या डोक्यात शिरला. "म्हणजे ही पाइकिणीची? हिच्यात मी माझ्या चांगल्या परकराचा तुकडा घातलाय."

"मी फसवायला नव्हतं गं केलं. मी सांगत होते, ती आजारी नाही म्हणून."

"सांगत होतीस. पण असं सांगतात का? जरा खोटं वाटेल असं तरी सांगायचंस."

मार्लिसने फ्रीज उघडला, आपलं भांडं काढलं आणि छातीशी धरून निघाली. ते तिने पुढे एकटीने संपवलं आणि मीठ कमी असल्याचा दोष पाइकबाईंना दिला. टेबलं परत दोन झाली. फक्त गोधडी कुणी घ्यायची ते ठरेना, म्हणून ती दोन्ही टेबलांच्या मधल्या फटीवर पुलासारखी तशीच राहिली. समितीचा एकजण म्हणाला की बुधवारी बसू आणि ती प्रार्थना काढून टाकू.  पास्टर कर्स्टनने पोटावर हात ठेवला होता.

सोमवारी आर्डिस प्रार्थनेचं पुस्तक परत करायला चर्चकडे निघाली. काढून घेण्याआधी आपणच ठेवून यावं, एवढा मान तिला राखायचा होता. चर्चच्या मागच्या दाराशी ड्वेनचा ट्रक उभा होता, आणि ड्वेन शेजारच्या सीटवर काहीतरी पट्ट्याने बांधत होता. टॉवेलात गुंडाळलेलं भांडं.

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

"राजधानीला चाललोय," तो पट्ट्याला म्हणाला.

"ड्वेन, ते तुला आत सोडायचे नाहीत."

"नाही सोडलं तर बाहेर बसेन. तासभर. बोलणार नाही मी त्याच्याशी, काही झालं तरी. मत तर देणारच नाही." त्याने टॉवेलाची गाठ तपासली. "मी शब्द डेलला दिलाय. ते ध्यानही त्याच पत्त्यावर राहतं, त्याला मी काय करू?"

"ते गोळे जळलेत रे."

"तेवढं समाधान मला राहू दे."

आर्डिसने पुस्तक पदराआड धरावं तसं कोटाच्या घडीत धरलं होतं. ड्वेनची नजर त्याच्यावर गेली.

"ते कुठे नेतेस?"

"बुधवारी समिती—"

"समितीत मी पण आहे. दुसऱ्या टेबलाची दोन मतं लॉरेनच्या सोडून गेलेल्या नवऱ्यावर रडलीयत, त्यांना आता प्रार्थना काढायची लाज वाटते. घरी ने ते. आणि रविवारी आडनावासकट म्हण, लपवाछपवी नको. मला खोकला आला तर मी उठून अंगणात जाईन."

तो ट्रकमध्ये चढला. भांडं कलंडू नये म्हणून त्याने गाडी इतकी हळू काढली की चर्चच्या आवारातली कोंबडी निवांत चालत पुढे निघून गेली. रस्ता दोन्हीकडे मोकळा होता, मैल मैल कुणी नव्हतं. तरी ड्वेन थांबला, वळणाचा दिवा लावला, दोन्ही बाजूंना पाहिलं, एक हात भांड्यावर ठेवला आणि राजधानीच्या दिशेने वळला.