वाघाची उसण

ताईच्या लाँड्रीत एक लोखंडी स्टूल होतं, आणि त्या स्टुलावर बसून तिचा धाकटा भाऊ वर्षानुवर्षं मार चुकवत आला होता. मार म्हणजे ताईचाच. राग आला की हाताला लागेल ते ओलं कापड पिळायचं, त्याचा बोळा करायचा आणि भावाच्या तोंडावर फेकून मारायचा, ही तिची लहानपणापासूनची खोड. आईबाप लवकर गेले, याला तिनेच वाढवलं, तेव्हा फेकायचा हक्कही तिचाच. पण एक बोळा लागेल तर शपथ. हातातला चहाचा कप न हलवता तो मान जराशी कलती करायचा, बोळा मागच्या भिंतीवर फटकन आपटायचा आणि ती आणखीच चिडायची.

"मेल्या, एकदा तरी लागू दे!"

"नेम धर की मग," तो म्हणायचा.

हा पहाडाएवढा माणूस हेवीवेट बॉक्सर होता, आणि अख्खं शहर त्याला 'फुकट चॅम्पियन' म्हणत होतं. शहराचं काय, शहराला अक्कल असती तर ते शहर कशाला झालं असतं, असं ताईचं मत. मुळात एवढ्या वजनाचे बॉक्सर मोजकेच. त्यात समोर याचं नाव दिसलं की एकाला ताप, दुसऱ्याच्या घरी लग्न, तिसऱ्याची आजी आजारी. याला आपली पुढे चाल. आणि पुढे चाल म्हणजे घरबसल्या नव्हे. नियम असा, की पूर्ण पोशाख करून, ग्लोव्ह्ज चढवून रिंगमध्ये उभं राहायचं. घंटा वाजणार, समोरचा कोपरा रिकामा, मग पंच येऊन हात वर करणार. मागच्या बाकांवरून टरफलं येऊन पडायची. "हवेला लोळवलं रे!" म्हणून लोक खिदळायचे. पदकं घरी आली, ती ताईने एका डब्यात घालून माळ्यावर टाकली. त्यातलं एकही भावाने कधी परत मागितलं नाही.

त्याला पदक नको होतं, त्याला एक माणूस हवा होता. शहरात त्या माणसाला 'वाघ' म्हणत. हा वाघ सामन्याआधी केस विंचरून घ्यायचा आणि सामन्यानंतर ते पुन्हा विंचरायची गरज पडायची नाही, कारण मधल्या वेळात त्यांना फारसं काही झालेलं नसायचं. कुठूनकुठून थकलेले, गुडघे गेलेले प्रतिस्पर्धी आणायचे, त्यांना पाडायचं आणि हार गळ्यात घालून फोटो काढायचे. न्हाव्याच्या दुकानापासून बँकेच्या भिंतीपर्यंत जिथे बघावं तिथे हा जबडा. दिसायला बरा जबडा, ताई म्हणायची, पण एकदा लागलेला. तरुणपणी एका शिबिरात, नुसत्या सरावात, भावाचा एक डावा ठोसा वाघाला बसला होता. वाघ गुपचूप खाली बसला, कुणी खुर्ची दिल्यासारखा. तेव्हापासून या दोघांचा सामना ठरला रे ठरला की वाघाच्या पाठीत उसण भरायची. बाकी वर्षभर ठणठणीत. त्या पाठीला स्पर्धांचं वेळापत्रक तोंडपाठ होतं.

यंदा मात्र वाघाचा निरोपाचा सामना होता, आणि भावाचंही स्पर्धेच्या वयात बसण्याचं हे शेवटचं वर्ष. हेवीवेट गटात नावं दोघांचीच. ताईने मनातल्या मनात सगळी कापडं बाजूला ठेवली आणि वाट पाहायला लागली.

तशात एका सकाळी बॉक्सिंग संघटनेचा सचिव लाँड्रीत आला. त्याने स्टुलावर आधी आपला रुमाल पसरला आणि मग बसला. तेवढ्यावरूनच ताईने त्याची किंमत केली.

"हे बघा," सचिव भावाला म्हणाला, "तिकिटं संपलीत. लोक येणार ते वाघसाहेबांना करंडक उचलताना बघायला."

"मग उचलू दे की लढून," ताई म्हणाली.

सचिवाने तिच्याकडे इस्त्री बोलल्यासारखं पाहिलं आणि पुन्हा भावाकडे वळला. "पुढच्या वर्षी तुमचं वय बसत नाही. लढून काय पदरात पडणार? त्यापेक्षा तुम्ही रिंगमध्ये येऊ नका. त्यांना पुढे चाल मिळेल. आणि संघटनेत प्रशिक्षकाची जागा आहे, कायमची. ती तुमची."

भावाने एकच विचारलं, "ते नक्की येतील ना? ऐनवेळी उसण नाही ना भरणार?"

"छे हो! करंडक घ्यायचाय, येणार नाहीत तर काय! माझा शब्द."

"मग माझाही शब्द. रिंगमध्ये पाऊल ठेवणार नाही."

सचिव रुमाल झटकून, घडी घालून निघून गेला. त्याची पाठ वळते न वळते तोच ताईने टबातला टॉवेल उचलून फेकला. भावाने मान कलती केली. टॉवेल भिंतीवर.

"धोंड्या! ज्या एका माणसासाठी जन्म घालवलास, तो पहिल्यांदा येतोय आणि तू घरी बसणार?"

"घरी कोण बसतंय?" तो म्हणाला. पण ताईने कान बंद केले होते. संघटनेची, वाघाची आणि शहराची जी लाज वाटायची, तिच्यात आता घरच्या माणसाची भर पडली होती, आणि ती तिला सोसवेना. ती त्याच्याशी बोलेनाशी झाली.

सामन्याच्या दिवशी दुपारी त्याने पांढरा शर्ट तिच्यापुढे ठेवला. "कडक इस्त्री कर. आणि तूही साडी बदल, दोन तिकिटं काढलीत." ताईने शर्टावर इस्त्री अशी फिरवली, जणू शर्टानेच गुन्हा केला होता.

पहिल्या रांगेत, रिंगच्या अगदी पायाशी, दोघं बसली. भावाने दाण्यांची पुडी उघडली. दुसऱ्या रांगेत पाहुण्यांच्या खुर्च्या होत्या. तिथे रुमाल पसरत असलेल्या सचिवाचं लक्ष गेलं आणि त्याचा चेहरा पडला.

"तुम्ही इथे कशाला?" तो वाकून कुजबुजला.

"तिकीट काढलंय."

"अहो, पण..."

"रिंगमध्ये पाऊल ठेवणार नाही म्हटलंय ना? बसा निवांत."

वाघ झळाळता झगा घालून आला, केस विंचरलेले. निवेदकाने भावाचं नाव पुकारलं. पुन्हा पुकारलं. भाऊ दाणे सोलत होता. घंटा वाजली. समोरचा कोपरा रिकामा, आणि रिंगच्या मधोमध, दिव्यांखाली, वाघ एकटा. नियमच तो, उभं राहणं भाग होतं. एकट्याने तिथे उभं राहिलं की हातांचं काय करावं ते कळत नाही, हे त्याला आज पहिल्यांदा समजत होतं.

"अरे, तो काय खाली बसलाय!" मागून कुणीतरी ओरडलं. सगळ्या माना वळल्या. "काय रे फुकट्या, लढत का नाहीस?"

भाऊ सावकाश उठला, हॉलकडे तोंड केलं आणि एक हात कमरेवर ठेवून कण्हत म्हणाला, "उसण भरली."

शहराला अक्कल नसली तरी आठवण होती. आधी एक बाक हसला, मग दुसरा, मग सगळा हॉल गडगडून हसला. वर्षानुवर्षं ज्या टरफलांनी भावाचा कोपरा भरला होता, ती आज झळाळत्या झग्यावर पडू लागली. पंचाने घाईघाईने वाघाचा हात वर केला. वाघाने तो हिसडला, दोऱ्यांखालून बाहेर आला आणि भावाच्या खुर्चीसमोर उभा राहिला. रागाने त्याचा चेहरा काळानिळा झाला होता.

"ऊठ!"

"उठवत नाही बाबा," भाऊ पुन्हा खुर्चीत बसत म्हणाला.

वाघाने उजवा ठोसा हाणला. तो खरा ठोसा होता. ताईने डोळे मिटले. पण लागल्याचा आवाज आलाच नाही. तिने डोळे उघडले तर भावाची मान जराशी कलती. दुसरा ठोसा आला, मान पलीकडे. ताईला स्टूल दिसलं, भिंत दिसली, ओल्या टॉवेलाचा डाग दिसला. तिसऱ्या ठोशात वाघाने अंगातलं सगळं बळ घातलं. तो भावाच्या कानाजवळून गेला आणि त्यामागून वाघही गेला, खुर्च्यांमधून थेट सचिवाच्या मांडीवर, रुमालासकट. पुडीतला एक दाणाही सांडला नव्हता.

आता मात्र कुणी हसत नव्हतं. एवढ्या वर्षांत या माणसाला कुणी लढताना पाहिलंच नव्हतं, आणि आता पाहिलं तेही खुर्चीत बसलेलं. भावाने उठून वाघाला अलगद उभं केलं, झगा झटकला आणि त्याचा हात धरून वर केला. "जिंकलास," तो म्हणाला. मागच्या बाकांवर एकजण उठून उभा राहिला, मग रांगच्या रांग. ते कुणासाठी उभे आहेत, हे वाघालाही कळलं. सचिव मात्र प्रशिक्षकाच्या जागेवर आता कुणालाही घेऊ, पण याला नाही, असं ओरडत होता.

बाहेर उन्हं उतरली होती. दोघं रस्त्याच्या कडेने चालत निघाली.

"नोकरी गेली," ताई म्हणाली.

"गेली."

"करंडक गेला."

"गेला."

"आणि इतका समोर आला होता, तर एक ठोसा मारायला काय झालं होतं तुला, दगडा? माझेच हात शिवशिवत होते!"

भाऊ थांबला.

"पण आला ना गं, ताई," तो म्हणाला. "शेवटी आला तो."

साऱ्या जगाला पुरून उरेल एवढी तुच्छता ताईच्या जिभेवर तयार असायची. आत्ता तिला त्यातलं काहीच सापडेना. तिने कमरेचा रुमाल काढला, त्याचा बोळा केला आणि भावाच्या तोंडावर फेकला. तो थेट नाकावर लागला. त्याचे डोळे भरून आले होते, त्याला दिसलाच नव्हता.