डावा कोपरा

दिव्यांचे खांब सहा, पेटलेले चार. कॅमेरे दोन, चालू एक. खुर्च्या शंभरावर असतील, माणसं मात्र एकोणीस. त्यांतली सात तर नांदेडच्या संघाचीच. मॅटच्या पलीकडच्या अर्ध्यात, जिथं लातूरचा संघ हवा होता, तिथं कुणीही नव्हतं.

पंच हणमंतरावांनी घड्याळ पाहिलं, लांब शिट्टी दिली आणि नांदेडला पुढे चाल जाहीर केली. सामना न होता चषक मिळाला. टीव्हीवरच्या बाद फेरीच्या या कबड्डी स्पर्धेचा हा शेवटचा हंगाम, हे केबलवाल्या निजामोद्दीनभाईंनी आधीच सांगून टाकलं होतं. लोकांना आता मोबाईलवर मोठ्या लीगा दिसत होत्या.

"देवामामा, तोंड कामून पाडून राहिलात? चषक फुकट भेटला की!" कर्णधार शहेबाज म्हणाला.

"फुकट हाय म्हणूनच."

देविदास गॅसच्या शेगड्या दुरुस्त करी, खानावळीत जेवी आणि एका खोलीत राही. सरावापायी लग्नाचं वय निघून गेलं, असं लोक म्हणत. त्याला ते खोटं ठरवता आलं नव्हतं. तीनदा तो अंतिम सामना खेळला. तिन्ही वेळा शेवटच्या चढाईत लातूरच्या डाव्या कोपऱ्यातल्या गुरुबसप्पानं त्याचा घोटा धरला. या खेपेला तो पंजा चुकवायचा, एवढ्यासाठीच तो एकोणचाळिसाव्या वर्षी उतरला होता.

त्यानं निजामोद्दीनभाईंना लातूरला गुरुबसप्पाला फोन लावायला सांगितला.

"हालो, कोण?"

"मी देविदास. नांदेडचा."

 फोनमधून पलीकडच्या टीव्हीवरची हणमंतरावांची लांब शिट्टी ऐकू आली, मघाचीच. प्रक्षेपण तिकडं जरा उशिरानं पोचत होतं.

"घोटा बरा हाय का रं?" गुरुबसप्पानं विचारलं. मैदानाबाहेर ते आज पहिल्यांदा बोलत होते.

"हाय. तू आला न्हाईस."

"पोरं कुठून आणू? पाच पुण्याला कंपनीत, एकाचं लगीन. उरलो मी. एकटा येऊन साखळी कुणासंगं धरू, दिव्याच्या खांबासंगं?"

देविदासला हसू आलं आणि लगेच विरलं.

"बघून राहिलास नव्हं?"

"बघून राहिलो. आता काय हाय बघायला?"

"टीव्ही बंद करू नको."

त्यानं फोन परत दिला आणि पंचांपाशी गेला.

"राव, एक चढाई घेऊ द्या."

"कुणावर? निकाल लागला, बाबा."

"निकाल ऱ्हाऊ द्या तसाच."

"मामा, रिकाम्या रानात काय धरता?" शहेबाज हसला. बाकीची पोरं चषकासोबत फोटो काढत होती. हणमंतरावांनी देविदासकडं पाहिलं, निजामोद्दीनभाईंना कॅमेरा फिरवायची खूण केली आणि घड्याळाचं बटण दाबलं.

देविदास दम घालत मध्यरेषा ओलांडून गेला. नेहमीप्रमाणे आधी मधल्या फळीला हूल दिली, मग वाकून डाव्या कोपऱ्याकडं सरकला. पाय लांबवला, झटक्यात मागं घेतला. पुन्हा लांबवला, आणि या वेळी तिथंच ठेवला.

चढाईला तीस सेकंद असतात. तिसाव्या सेकंदाला हणमंतरावांनी शिट्टी ओठांत धरली, पण फुंकली नाही.

"कबड्डी, कबड्डी..." आवाज बारीक होत गेला. पोरांचं हसणं थांबलं. दम संपण्याआधी आपल्या अंगणात परतलं नाही, तर चढाई करणारा बाद आणि गुण समोरच्यांचा. मध्यरेषा चार ढांगांवर होती. देविदासनं एकदा तिच्याकडं पाहिलं. पाय कोपऱ्यातच राहू दिला. मग आवाज तुटला.

हणमंतरावांनी घड्याळ थांबवलं. एकेचाळीस सेकंद. त्यांनी शिट्टी दिली आणि हात रिकाम्या बाजूकडं केला.

टीव्हीच्या पडद्यावर खाली गुण आले : नांदेड शून्य, लातूर एक.