तसबिरीच्या कडेची चार बोटे

चित्रपटगृहाच्या दारावर उभ्या राहणाऱ्या मनुष्यास प्रेक्षकांची मुखे दिसत नाहीत, हात दिसतात. बॅटरीचा उजेड तिकिटावर धरावा, कोणाच्या डोळ्यांवर मारू नये, हा आमच्या मालकांचा पहिला नियम होता. इंदुरात राजवाड्यामागच्या एका टॉकीजमध्ये मी, तुकोजी, एकोणीस वर्षे डोअरकीपर होतो. माझे शिक्षण सहाव्या इयत्तेवर थांबले. परंतु हातांच्या बाबतीत माझे वाचन पुष्कळ आहे, असे नम्रपणे नमूद करतो.

कृष्णरावांचा हात मी असाच ओळखू लागलो. त्यांच्या उजव्या हाताची करंगळी बाहेरच्या बाजूस वळलेली होती. तरुणपणी लेझीम खेळताना ती मोडली आणि तशीच वाकडी जुळून आली. होळकर सरकारच्या दफ्तरखान्यात त्यांनी तीस वर्षे खलिते लिहिले. पुढे मध्यप्रदेश झाला, दफ्तर भोपाळास गेले आणि कृष्णराव निवृत्ती पत्करून स्नेहलतागंजातील आपल्या दोन खोल्यांत राहिले. रविवारच्या दुपारच्या खेळास ते नेहमी अंधार झाल्यावर येत आणि उजेड होण्यापूर्वी निघून जात. मी त्यांना लाजाळू शौकीन समजत असे.

एके रविवारी त्यांनी दबक्या स्वरात मला विचारले, "तुकोजी, ती वहिनी झालेली मुलगी परत केव्हा येते हो?"

"मध्यंतरानंतर अठराव्या मिनिटाला. नायकाला चहा आणून देते."

"चहा? घरी तर कधी कपसुद्धा उचलला नाही…" इतके बोलून ते एकदम थांबले. मी बॅटरी विझवली. त्या अंधारात सर्व काही उघड झाले होते.

त्यांच्या कन्येचे नाव कुमुदिनी. गणेशोत्सवातील नाटकात काम करता करता तिला चित्रपटाची ओढ लागली आणि आठ वर्षांपूर्वी ती मुंबईस निघून गेली. निघताना कृष्णराव दारात उभे राहून म्हणाले होते, "पुन्हा या घराला तोंड दाखवू नकोस." तिने तो शब्द पाळला. प्रतिवर्षी दिवाळीस तिचे पोस्टकार्ड येई आणि तिची आई इंदिराबाई ते पिठाच्या डब्यामागे ठेवून देई. कृष्णरावांनी एकाही पत्राचे उत्तर धाडले नाही.

आमचा मशीन ऑपरेटर दिनानाथ यास ही हकीकत कळली तेव्हा तो खदखदून हसला. इंदुरात भावाला आम्ही भिया म्हणतो. "भिया, कमाल आहे! तोंड दाखवू नको म्हणाला, अन् आता सव्वा रुपया देऊन बघायला येतो!"

"हळू बोल. ते ऐकतील."

"ऐकू दे ना! मी तर पोरीला मोठी करून दाखवतो, पडदाभर."

कुमुदिनीबाईंच्या भूमिका लहान असत. कधी वहिनी, कधी परिचारिका, कधी नायिकेची ती मैत्रीण जी खिडकीतून पाहून हसते आणि बाजूला होते. श्रेयनामावलीत तिचे नाव इतर सात नावांबरोबर येई आणि वाचून होण्यापूर्वीच निघून जाई. मी प्रत्येक नव्या चित्रपटाचा पहिला खेळ पाहून तिच्या प्रसंगांच्या वेळा एका चिठ्ठीवर टिपून ठेवत असे. कृष्णराव तेवढेच प्रसंग पाहत. त्यांची एकच अट होती.

"ती आजारी पडली की मला उठवायचं. सहा वर्षांची असताना तिला टायफॉइड झाला होता. एकवीस दिवस उशाशी बसलो होतो मी. ते परत नाही बघवणार."

अशा रीतीने चार चित्रपटांत ती पडद्यावर मरण पावली आणि चारही वेळा मी त्यांच्या खांद्यास स्पर्श करून त्यांना वेळेवर बाहेर आणले.

यानंतर एका वर्षी माघात जो चित्रपट लागला, त्याने मला मोठ्या संकटात टाकले. त्यात कुमुदिनीबाई नायकाची थोरली बहीण होती. मध्यंतरापूर्वी ती क्षयाने जाते. तेथून त्यांना उठवणे सोपे होते. परंतु मध्यंतरानंतर नायकाच्या घरी भिंतीवर तिची तसबीर टांगलेली दाखवली होती आणि तिला चंदनाचा हार घातलेला होता. जिवंत मुलीच्या तसबिरीस हार! हे पित्याने पाहू नये, म्हणून त्या रविवारी त्यांना मध्यंतराच्या पुढे थांबूच द्यायचे नाही, असा मी निश्चय केला.

शनिवारी त्याच प्रसंगी मी पडद्यासमोरील पहिल्या रांगेपाशी कोणास तरी जागा दाखवत होतो. सहज मान वर केली. तसबीर चित्रपटासाठी काढलेली नव्हती. ती दोन वेण्यांतल्या, मॅट्रिकच्या वयाच्या मुलीची होती, एखाद्या स्टुडिओत खुर्चीवर बसवून काढलेली. तिच्याशेजारी जो कोणी उभा होता तो चौकटीबाहेर कापला गेला होता. परंतु त्याचा हात तिच्या खांद्यावर राहिला होता. हाराच्या कडेने चार बोटे दिसत होती आणि शेवटची करंगळी बाहेर वळलेली होती.

मी धावत वर यंत्राच्या खोलीत दिनानाथकडे गेलो आणि म्हणालो,

"भिया, तो हात बघ! म्हातारबांचा आहे!"

"अरे बाप रे." दिनानाथ काचेतून पाहतच राहिला. "पोरगी घरातून हा फोटो घेऊन गेली होती? आणि कंपनीने फोटो मागितला तर हाच दिला?"

"आता मी काय करू? हार बघून त्यांना काही झालं तर?"

"आणि हात नाही बघितला तर?" दिनानाथ म्हणाला. त्याला मी प्रथमच गंभीर पाहिले.

रविवारी कृष्णराव आले. बहिणीच्या आजारपणाच्या वेळी मी त्यांना रीतसर बाहेर आणून बाकावर बसवले. मध्यंतर संपले. ते छत्री घेऊन उठले.

"चला, येतो मी. झालं ना तिचं काम?"

माझ्या मनात दोन्ही बाजूंनी विचार झाला. शेवटी मी म्हणालो, "अजून एकदा दिसते. पण आधीच सांगतो, तिच्या फोटोला हार घातला आहे. हाराकडे बघू नका. खांद्याकडे बघा."

ते छत्री घेऊनच वळले. मग आत गेले. मी त्यांच्यामागे उभा राहिलो. तसबीर आली तेव्हा त्यांच्या हातातील छत्री खाली पडली. ती उचलण्यास ते वाकले नाहीत. उजव्या हाताची करंगळी त्यांनी डाव्या मुठीत घट्ट धरली आणि तसबीर गेल्यावरही सोडली नाही.

बाहेर बाकावर बसल्यावर ते लहान मुलासारखे म्हणाले, "तुकोजी, तो हार काढता येत नाही का? मालकांना सांगून?"

"साहेब, पडद्यापर्यंत आमचा हात पोचत नाही."

"मी सांगितलं होतं तिला, या घरातलं काही नेऊ नकोस." मग आपल्या करंगळीकडे पाहून म्हणाले, "मला नेलं तिनं."

मी शेजारच्या दुकानातून पोस्टकार्ड आणले आणि बुकिंगच्या खिडकीतून टाक. ज्यांनी राजदरबाराचे खलिते लिहिले, त्यांना स्वतःच्या मुलीस मायना सुचेना. टाकाची शाई दोनदा वाळली.

"मायना राहू द्या," मी धीर करून म्हणालो. "तबियत विचारा."

त्यांनी लिहिले, "तबियत कशी आहे ते ताबडतोब कळव. बाबा." पत्ता त्यांनी न अडखळता लिहिला. पिठाच्या डब्यामागची पत्रे त्यांनीही वाचली होती, हे मला त्या वेळी उमगले.

बारा दिवसांनी ते भर उन्हात टॉकीजवर आले आणि माझ्या हाती एक कार्ड ठेवले. त्यात लिहिले होते, "बाबा, तबियत उत्तम. पुढच्या चित्रात मी शेवटपर्यंत जिवंत आहे. प्रसंग दोनच आहेत, आधीच सांगते. चित्र लागेल त्या रविवारी मी इंदुरास येईन. दार उघडाल ना?"

"काय कळवलंत?" मी विचारले.

"कळवायचं काय त्यात? पत्र टाकलं तेव्हापासून दाराची कडी लावलीच नाही. शेजारी वैतागलेत, कुत्री आत येतात म्हणून."

तो चित्रपट चैत्रात लागला. खेळ सुरू होण्यास पाऊण तास असताना कृष्णराव आणि इंदिराबाई दारात उभे होते. त्यांच्यामागे पदर सावरीत एक सावळी स्त्री उभी होती. पडद्यावर ती याहून उंच वाटे.

इंदिराबाई मला म्हणाल्या, "तुकोजी तुम्हीच ना? इतकी वर्षं हे रविवारी वाचनालयात जातो म्हणून सांगत होते. एक पुस्तक म्हणून घरी आणलं नाही हो!"

 कृष्णरावांनी तीन तिकिटे माझ्यापुढे धरली. मी सवयीने खिशातून वेळांची चिठ्ठी काढली.

"ती राहू द्या," ते म्हणाले. "आज पहिल्यापासून बघायचं आहे."