चांगल्या मातीचा वाटा

थोरल्याला वर्षानुवर्षं एकच दुखणं होतं आणि ते कुठल्याही डॉक्टरला दाखवण्यासारखं नव्हतं. त्याच्या धाकट्या भावाचं दुकान चालायचं. थोरल्याचं चालत नव्हतं अशातला भाग नाही, पण धाकट्याचं जरा जास्त चालायचं, आणि भावाभावांत हे ‘जरा’ फार मोठं असतं. दोघंही कुंभार. दुकानं एकाच रस्त्यावर, मध्ये फक्त एक भिंत. दोघंही बापाच्या हाताखाली चाकावर बसायला शिकले, दोघंही पाण्याच्या सुरया करायचे, आणि गिऱ्हाईक थोरल्याच्या दुकानात डोकावून पुढे सरकायचं. थोरला हसून मान डोलवायचा आणि आतून त्याचा तिळपापड व्हायचा.

“मातीचा फरक आहे,” तो बायकोला सांगायचा. “त्याच्या वाट्याला येतेच चांगली. नाहीतर हात काय, दोघांना एकाच बापाने दिलेत.”

बायको ‘हो’ म्हणायची. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून तिने ह्या विषयावर वाद घालणं सोडून दिलं होतं.

गावाबाहेर बापाने ठेवलेली मातीची खाण दोघांत सामाईक होती. दर हंगामात तिचा एक पट्टा उघडायचा. वाटणीची रीतही बापाचीच: थोरल्याने दोरी टाकून दोन भाग करायचे आणि धाकट्याने आधी निवडायचं. म्हणजे दोरी टाकणाऱ्याला लबाडी करता येणार नाही आणि निवडणाऱ्याला कुरकुर करता येणार नाही, असा म्हाताऱ्याचा हिशेब. धाकटा खाणीत उतरायचा, एकदा थोरल्याकडे बघायचा आणि एका बाजूला बोट दाखवायचा. त्या क्षणापासून ती बाजू थोरल्याला सोन्याची दिसू लागायची.

त्या बघण्याचं इंगित थोरल्याने केव्हाच ओळखलं होतं. दादाचा जीव कुठे अडकलाय ते हेरायचं आणि नेमकं तेच उचलायचं! लहानपणी ताटातलंही असंच उचलायचा, आणि वर आई म्हणायची, लहान आहे तो.

यंदा गोष्ट निकरावर आली. आसपासची सगळी जमीन गोदामं बांधणाऱ्यांनी घेतली होती. त्यांना रस्त्याला लागून जागा हवी होती, हातभर खाली काय आहे ह्याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. बघता बघता चांगल्या मातीवर सिमेंट पडलं. दोघा भावांकडे शेवटचा पट्टा उरला. वरून सगळा सारखाच दिसायचा, पण थोरल्याने आधीच एकट्याने जाऊन ठिकठिकाणी खणून पाहिलं होतं आणि खड्डे गुपचूप बुजवले होते. एका टोकाला काळी, लोण्यासारखी माती होती. बाकी सगळ्यात चुनखडी. चुनखडीची माती भट्टीत नीट भाजून निघते, फसवते ती नंतर. दमट हवा लागली की भांड्याला फोड येतात आणि टवके उडतात.

त्याने दोरी टाकली ती काळी माती पुरती एका बाजूला जाईल अशी. मग स्वतः चुनखडीच्या बाजूला जाऊन उकिडवा बसला. मूठभर माती उचलली, हुंगली, तळहातावर चोळली, आणि धाकटा बघतोय असं दिसताच पटकन टाकून दिली. नाटक त्याला इतकं छान जमलं की त्याचं त्यालाच कौतुक वाटलं.

धाकट्याने त्याच्याकडे पाहिलं. “ही बाजू मला, दादा.”

“घे बाबा. तू काय, नेहमी बरोबर तेच घेतोस,” थोरला तोंड पाडून म्हणाला. मनात त्याला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

त्या हंगामात थोरला मान मोडून कामाला लागला. माती अशी, की चाकावर नुसता हात ठेवला तरी वर चढायची. भट्टी उघडली तेव्हा एकही सुरई तडकलेली नव्हती, टिचकी मारली की घंटेसारखी वाजायची. भिंतीपलीकडे धाकटा माती पुन्हा पुन्हा चाळत बसला होता, तरी त्याचा निम्मा माल टवके उडून वाया जात होता. थोरला चाळणीचा तो आवाज ऐकत चहा प्यायचा. इतका गोड चहा त्याने कधी प्यायला नव्हता.

आणि मग शाळेतल्या बाई आल्या. दर वर्षी धाकट्याकडून सुरई नेणाऱ्या.

“या बाई, यंदा इकडे बघा,” थोरला म्हणाला. “माल बघा, हात लावून बघा.”

बाईंनी एक सुरई उचलली, वाजवली. “सुरेख आहे हो!” म्हणाल्या आणि जागच्या जागी ठेवून दिली. “तुमच्या भावाच्या कधी निघतील?”

“त्याच्या यंदा टिकत नाहीत, बाई. टवके उडतात.”

“माहीत आहे, माझ्याही एकीचे उडाले. पण तिच्यातून पाणी ओतलं ना, की धार जिथल्या तिथे तुटते. तुमच्या सुरईतून थेंब ओघळतो पोटावरून. टेबल ओलं होतं. एक नेली होती ना मी मागे.” मग त्याचा चेहरा बघून घाईने म्हणाल्या, “रागावू नका हं.”

“छे छे, रागवायचं काय त्यात!”

बाई गेल्यावर त्याने दुकानाचं दार ओढून घेतलं. सुरई भरली, वाकडी केली, सरळ केली. थेंब पोटावरून ओघळला. दुसरी घेतली, तिसरी घेतली. मग चाकावर बसून नव्या सुरईच्या तोंडाचा ओठ पातळ करून पाहिला, जाड करून पाहिला, बाहेर वळवून पाहिला. भाजून निघाल्यावर सगळ्यांचा थेंब ओघळायचा तो ओघळायचाच. थोरला रडायच्या बेतात आला. आजवर नावं ठेवायला निदान माती तरी होती.

हंगाम सरत आला तेव्हा धाकटा आला. उंबऱ्यातच उभा राहिला.

“दादा, तुझ्या बाजूची थोडी माती देतोस? यंदा चुकलंच माझं.”

“निवडलीस ना तूच?”

“मी कसला निवडतोय!” धाकटा ओशाळून हसला. “मातीतलं मला काय कळतं? तुला कळतं. तू जिथे रेंगाळतोस ते मी घेतो. आजवर कधी चुकलं नाही.”

थोरला त्याच्याकडे बघतच राहिला. म्हणजे चांगली माती दर वर्षी खरंच धाकट्याकडे गेली होती, आणि तीही थोरल्याच्याच डोळ्यांनी निवडलेली. ज्याच्यावर आयुष्यभर जळला तो त्याला मातीतला जाणकार मानत होता. ह्याने बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट जास्तच जळलं, कारण आता रागवायलाही जागा उरली नव्हती.

“थोडी कशाला?” तो एकदम म्हणाला. “सगळी घे. माझी बाजू तुला, तुझी मला.”

“दादा!”

“घे म्हटलं ना. पुन्हा विचारू नकोस, नाहीतर मन बदलेल माझं.”

धाकट्याचे डोळे भरून आले. त्याने घरी सांगितलं, घरच्यांनी शेजारी सांगितलं, आणि भाऊ असावा तर असा, असं सगळा रस्ता म्हणू लागला. शाळेतल्या बाईही मुद्दाम येऊन कौतुक करून गेल्या. थोरला मान खाली घालून ऐकत राहिला. लोकांना तो विनय वाटला.

बायकोला तो काही वाटला नाही. भांडी पुसता पुसता तिने विचारलं, “खरं सांगा, का दिलीत?”

त्याने पुसलेलं एक भांडं उचलून फळीवर ठेवलं. मग म्हणाला, “चुनखडीच्या मातीत नाही जमलं, तर लोक मातीला नावं ठेवतील. चांगल्या मातीतही मला जमत नाही, हे त्यांना कशाला कळायला हवं?”

“लोकांना नाही कळणार,” ती म्हणाली. “पण तुम्हाला कळलंय ना आता?”

थोरला उठला, फावडं घेतलं आणि चुनखडीची माती आणायला खाणीकडे निघाला.