बंद ठेवलेला किनारा

पाणी तपासणारं तरंगतं यंत्र विकत घ्यायचं की नाही, हे किनारा अधिकारी बाईंना आजच कंपनीला कळवायचं होतं. चाचणीच्या आठवड्यात यंत्राने दोनदा पाणी घाण असल्याचं दाखवलं. बाईंनी दोन्ही वेळा किनारा बंद ठेवला. प्रयोगशाळेचे अहवाल नंतर आले, तेव्हा यंत्र एकदा खरं निघालं, एकदा खोटं.

पोहण्याचे वर्ग चालवणारा दीर तणतणत आला. "वहिनी, माझा धंदा बसवलात! आजारी तरी कोण पडलं?"

"बंद ठेवला म्हणूनच नाही पडलं."

"कशावरून?"

"बरं, यंत्र परत पाठवते. उद्या तुझ्या पोरीला पाण्यात सोडशील?"

दीर दाराशी घुटमळला. "उद्याचा दिवस यंत्र राहू दे की."

"आणि परवा?"

परवाचं दोघांनाही सांगता येईना.